‘अभ्यासक्रमाला आहे का?’

पुरवणीच्या बैठकीत परवा वाद झाला. निमित्त होतं ‘स्टार ट्रेक’चं. ८ सप्टेंबर १९६६ला अमेरिकेत टीव्हीवर सुरू झालेली ही मालिका २०२६मध्ये साठ वर्षांची होतेय. एक जण म्हणाला, आपण यावर अख्खं पान करू. दुसरी म्हणाली, ‘आपल्या वाचकांपैकी किती जणांनी बघितलीय ती? आणि आज तिचा समाजाशी संबंध काय उरलाय?’ मग चहा आला आणि विषय वाढला.

प्रश्न मात्र तिचा बरोबर होता. ‘स्टार ट्रेक’ ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायची, त्यामुळे ती आपल्या मामा-काकांना आठवते. आपल्यापर्यंत पोहोचले ते त्या टोकदार कानांचे मीम्स. पण त्या मालिकेचं नाव अजून घेतलं जातं ते यानांमुळे नाही. ती यानं आता पुठ्ठ्याची वाटतात. नाव घेतलं जातं ते यानाच्या मुख्य कक्षात बसलेल्या उहुरा नावाच्या अधिकाऱ्यामुळे. कृष्णवर्णीय बाई, हुद्द्यानं लेफ्टनंट. अमेरिकेत नागरी हक्कांची लढाई रस्त्यावर चालू असताना हे घराघरातल्या टीव्हीवर दिसत होतं. ही भूमिका करणारी निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाली होती, तेव्हा खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबायला सांगितलं. पुढे १९७७मध्ये नासानं तिलाच सोबत घेऊन महिला आणि कृष्णवर्णीय उमेदवार शोधण्याची मोहीम काढली. म्हणजे उद्याची गोष्ट सांगता सांगता त्या मालिकेनं आज कोणाला कुठे बसता येतं, यावर बोट ठेवलं. तिची सामाजिक किंमत एवढीच, आणि ती कमी नाही.

तेवढ्यात कोणी तरी विचारलं, ‘आपल्याकडे आहे का असं काही? साठ वर्षं चाललेलं?’

आहे. फक्त त्याला कोणी फ्रँचायझी म्हणत नाही, त्याचे टी-शर्ट मिळत नाहीत आणि शेवटी पुढच्या भागाचं टीझर येत नाही. गंमत म्हणजे त्याची सुरुवातही त्याच सालातली धरता येते. एप्रिल १९६६मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. पुढे परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की असा कोणी जगतापच नाही. नावातली आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे ज. वि. ना.चं ना. वि. ज. करून, ती कथा जयंत विष्णू नारळीकरांनी पाठवली होती. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ, पण कथा कथा म्हणून जिंकते का ते त्याला बघायचं होतं. (आपल्यातले किती जण आपल्या फॉलोअर्सची संख्या बाजूला ठेवून एखादं रील टाकतील?)

तिथून जी रांग लागली ती मोठी आहे. नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ १९७९मध्ये आलं. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर लिहीत राहिले. दिवाळी अंकांत विज्ञानकथेची जागा जवळपास राखीव झाली. लोंढेंची ‘दुसरा आइन्स्टाईन’ अमेरिकेत जेम्स गन यांनी केलेल्या जगभरातल्या विज्ञानकथांच्या संग्रहात गेली. १९९३मध्ये फोंडकेंनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह केला, त्यात मराठीचा वाटा डोळ्यांत भरण्यासारखा होता. २०२१मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं. २० मे २०२५ला ते गेले. त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला त्यांचा फोटो होता. आमच्याही.

मग आम्ही एक साधा प्रयोग केला. बैठक संपवून तिघं औरंगपुऱ्यात गेलो. शहरात पुस्तक घ्यायचं म्हटलं की पाय आपोआप वळतात ते इकडेच. एसबी कॉलेजपासून फुल्यांच्या पुतळ्यापर्यंत एक चक्कर मारली आणि प्रत्येक दुकानात एकच वाक्य टाकलं, ‘काका, मराठी विज्ञानकथा आहेत का?’

पहिल्या काकांनी मान वर न करता विचारलं, ‘अभ्यासक्रमाला आहे का?’

दुसरीकडे विज्ञान म्हटल्यावर दहावीचं गाइड पुढे आलं. तिसरीकडे स्पर्धा परीक्षेच्या सामान्य विज्ञानाचे तीन ठोकळे दाखवले गेले. चौथ्या दुकानातल्या काकांचे डोळे मात्र चमकले. शिडी लावून वरच्या फळीवरून त्यांनी धूळ झटकत चार पुस्तकं काढली. म्हणाले, ‘पूर्वी पोरं यायची मागायला. आता येतात ती पोलीस भरती आणि तलाठी. मी तरी ठेवून काय करू?’ त्यांचं काही चुकत नाही. दुकानाचं भाडं विज्ञानकथेवर निघत नाही. आणि जो पोरगा जालन्याहून, कन्नडहून येऊन कॉट बेसिसवर राहतो, मेसचे पैसे वाचवून पुस्तक घेतो, त्यानं ‘मार्क किती मिळणार?’ असं विचारलं तर त्यालाही नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अभ्यासक्रमाला आहे म्हणावं, तर एक आहेसुद्धा. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा सीबीएसईच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आली, ‘द ॲडव्हेंचर’ या नावानं. पानिपतावर मराठे जिंकले असते तर कसली मुंबई दिसली असती, अशी ती गोष्ट. व्हॉट्सॲपवर रोज नवा इतिहास वाचणाऱ्या आपल्या पिढीला ही कथा खरं तर भिडायला हवी; कारण ती ‘असं झालं असतं तर’ हा खेळ खेळते, पण त्यासाठी पुरावा मागते. क्लासमध्ये मात्र ती पोहोचते ‘कॅटस्ट्रॉफी थिअरी स्पष्ट करा’ एवढ्यापुरती. आपण मेलेलं फुलपाखरू पुठ्ठ्यावर टोचून ठेवतो, तसं.

असो. चार पुस्तकं घेऊन आलो, वाटून घेतली आणि आठवडाभर वाचली. शोधायचं एवढंच होतं : आज हे चालतं का?

सगळं चालत नाही, हे आधीच सांगून टाकू. काही कथांमधली पात्रं बोलत नाहीत, व्याख्यान देतात. मध्येच कोणी तरी प्राध्यापक दोन पानं सिद्धांत समजावतो आणि दुसरा ‘अस्सं!’ म्हणतो. तंत्रज्ञान जुनं झालंय, ते होणारच होतं. पण जिथे कथा समाजाला हात घालते तिथे ती एका दिवसानंही जुनी झालेली नाही, आणि वाचताना आम्हाला बोचलं ते हेच.

‘धूमकेतू’ घ्या. कोलकात्यातला एक हौशी आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतो. गणित केल्यावर कळतं की हा पृथ्वीवर येऊन आदळणार. जगभरातले शास्त्रज्ञ एकत्र येतात, त्याला वाटेतच ढकलून दिशा बदलायचं ठरवतात. इकडे त्या माणसाच्या स्वतःच्या घरात धूमकेतू अशुभ म्हणून होम घातला जातो. संकट टळतं. श्रेय कोणाला मिळतं, हे सांगायला नको.

यातला विज्ञानाचा भाग आता कल्पना राहिलेला नाही. २६ सप्टेंबर २०२२ला नासानं ‘डार्ट’ नावाचं यान डायमॉर्फस या छोट्या अशनीवर मुद्दाम आदळवलं आणि त्याच्या प्रदक्षिणेचा वेळ ३२ मिनिटांनी कमी केला. म्हणजे अवकाशातली वस्तू ढकलता येते, हे सिद्ध झालं. गोष्टीतला अवघड वाटणारा अर्धा भाग माणसानं पार पाडला. सोपा वाटणारा अर्धा, म्हणजे घरातला होम, जागच्या जागी आहे. कोविडमध्ये थाळीच्या नादानं विषाणू मरतो, असे मेसेज आपल्याच फॅमिली ग्रुपवर आले होते. पाठवणारे अडाणी नव्हते. आपले बीई, बीएस्सी झालेले दादा-ताई होते. आणि आपण ‘जाऊ दे, मोठ्यांच्या तोंडी कोण लागेल’ म्हणून अंगठा दाखवून मोकळे झालो होतो.

नारळीकर नुसती गोष्ट लिहून थांबले नव्हते. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. एका गटात हुशार मुलं, दुसऱ्या गटात मतिमंद मुलं, अशा २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना सांगितलं की नुसत्या पत्रिकेवरून ओळखा कोण कुठल्या गटातलं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका सोडवल्या. बरोबर उत्तरं आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर साधारण पन्नास आली असती. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. आज आपल्या फोनमध्ये कुंडली जुळवून देणारी ॲप आहेत, आणि लग्न ठरताना ‘आम्ही तसं मानत नाही, पण एकदा बघून घेऊ’ हे वाक्य कोणाच्या घरात झालं नाही, त्यानं हात वर करावा.

‘पुत्रवती भव’ वाचताना तर एक मैत्रीण पुस्तक मिटून गप्प बसली. मुलगा हवा की मुलगी, हे आधी ठरवता आलं तर समाजाचं काय होईल, हा त्या कथेचा गाभा. पुस्तक १९७९चं. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्रानं कायदा केला १९८८मध्ये, देशानं १९९४मध्ये. म्हणजे कथा कायद्याच्या आधी आली. आणि २०११च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. राज्यात सगळ्यात कमी. ती मैत्रीण बीडची आहे. आता लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून गावोगाव तिशी ओलांडलेली पोरं बसून आहेत आणि त्यावर रीलवाले विनोद करतात. लेखकानं काय भाकीत केलं होतं ते त्या विनोदांखालच्या कमेंट्समध्ये वाचा.

म्हणजे विज्ञानकथा आजही लागू पडते का, याचं उत्तर ‘हो’ आहे; फार लागू पडते. आनंद वाटावा असं ते उत्तर नाही. गोष्टीतलं विज्ञान पन्नास वर्षांत कुठल्या कुठे गेलं, गोष्टीतलं घर मात्र तसंच राहिलं, म्हणून ती लागू पडते.

पण आमची तक्रार दुसरीच आहे आणि ती या थोर मंडळींबद्दल पूर्ण आदर ठेवून करायची आहे. या साठ वर्षांच्या मालिकेत ‘उहुरा’ कोण? कथांमध्ये निर्णय घेणारा माणूस बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचा, परदेशात शिकून आलेला शास्त्रज्ञ असतो. त्याच्याकडे फोन येतो, तो विमानानं जातो, जग वाचतं. ज्याच्यावर संकट कोसळतं तो माणूस गोष्टीत गर्दी म्हणून येतो. मराठवाडा तर त्या नकाशात जवळपास नाहीच. लिहिणाऱ्यांचा हा दोष म्हणता येणार नाही; ज्यानं जे जग पाहिलं त्यानं ते लिहिलं. दोष असलाच तर आपला आहे. कारण या काळात विज्ञानकथा खरोखर घडायला लागली ती आपल्याकडे, आणि आपण ती लिहिली नाही.

खोटं वाटतं? ऑगस्ट २०१५ आठवा. दुष्काळ. आपल्या विभागीय आयुक्तालयाच्या गच्चीवर ढग टिपणारं डॉप्लर रडार बसवलं गेलं, आणि चिकलठाण्याहून विमानं उडायला लागली. ढगात रसायन सोडायचं आणि पाऊस पाडायचा. २०१९मध्ये पुन्हा तेच. आपण तेव्हा शाळेत होतो. गच्चीवर जाऊन विमान दिसतंय का बघायचो आणि ‘पाडला का रे पाऊस?’ म्हणून हसायचो. बातम्या आल्या, खर्चावर टीका झाली, विषय संपला.

आता यातला प्रश्न बघा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं सोलापूर भागात काही वर्षं शास्त्रीय प्रयोग केला, तेव्हा ठराविक प्रकारच्या ढगांत असं बीजारोपण केल्यावर पावसात सुमारे १८ टक्के वाढ दिसली. म्हणजे ही निव्वळ थट्टा नाही, आणि दुष्काळावरचा रामबाणही नाही. ढगच नसेल तर विमान काय करणार. पण समजा, उद्या हे तंत्र सुधारलं. मग ढग कोणाचा? जायकवाडीचं पाणी घ्या. नाशिक आणि नगरच्या वरच्या धरणांनी किती अडवायचं, खाली किती सोडायचं, यावर कायदा आहे, प्राधिकरण आहे, पावसाळ्याअखेर जायकवाडी ६५ टक्के भरलं नाही तर वरून पाणी सोडायचं सूत्र आहे. तरी दर दुष्काळात कोर्टकचेरी होते, आंदोलनं होतात. ही भांडणं जमिनीवरच्या पाण्याची. उद्या तीच आभाळातल्या पाण्याची झाली तर? पैठणच्या वाट्याचा ढग वैजापूरला रिकामा केला, म्हणून मोर्चा निघेल. विमानाच्या वेळापत्रकात आपलं गाव बसवून घ्यायला सरपंच मुंबईला खेटे घालतील. द्राक्षवाल्याला पाऊस नको असेल, त्याच दिवशी शेजारच्या कपाशीला हवा असेल. पीकविम्याच्या अर्जात नवा रकाना येईल : पाऊस नैसर्गिक की सरकारी?

ही कथा पुण्यातल्या शास्त्रज्ञाला सुचेल, पण त्यातली सरपंचाची भाषा त्याला येणार नाही. ती आपल्याला येते. ज्या शहरात धरण पन्नास किलोमीटरवर असून वर्षानुवर्षं नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं, जिथे पाण्याच्या दिवशी पाहुणे बोलावत नाहीत आणि लेक्चर बुडवायला ‘सर, आज पाणी होतं’ हे कारण चालतं, तिथल्या पोरांना ‘ड्यून’मधला वाळवंटी ग्रह परका वाटण्याचं कारण नाही. त्या सिनेमात माणसं घामाचं पाणी परत पिता येईल असा सूट घालतात. आमच्या शेजारच्या रांगेतला एक जण थिएटरात मोठ्यानं म्हणाला होता, ‘अपने यहाँ भी होना ये!’ सगळं थिएटर हसलं. फ्रँक हर्बर्टनं ती कादंबरी १९६५ला लिहिली, ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या बघून. आपल्याकडे वाळूच्या टेकड्या नाहीत. वाळू उपशानं उघडी पडलेली गोदावरी आहे.

आणखी एक. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो इंडिया’ उभं राहतंय. एप्रिल २०२३मध्ये केंद्रानं सुमारे २,६०० कोटींना अंतिम मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत लेझर, आणि काम एकच : अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी बारीकशी थरथर होते ती टिपायची. ना. वि. जगतापांनी ‘कृष्णविवर’ स्पर्धेला पाठवली, तेव्हा कृष्णविवर ही बहुतेकांसाठी ऐकीव गोष्ट होती. आता त्यांची टक्कर ऐकायचा कान आपल्या मराठवाड्यात बसतोय. हे यंत्र इतकं हळवं असतं की जमिनीची साधी कंपनंही त्याला त्रास देतात. म्हणून तर शांत जागा शोधावी लागली. पण औंढा नागनाथ म्हणजे ज्योतिर्लिंग. महाशिवरात्रीला तिथे काय गर्दी उसळते ते आपल्याला माहीत आहे. एकीकडे विश्वाची कुजबुज ऐकायला श्वास रोखून बसलेली खोलीभर माणसं, दुसरीकडे दर्शनाच्या रांगा, गाड्या, डीजे. आणि त्या खोलीतली रात्रपाळीची तंत्रज्ञ याच गावची मुलगी असेल, तर? तिची आई त्या रांगेत उभी असेल, तर? ही कथा होमाला हसणारी नसेल. ‘धूमकेतू’च्या पुढे जाणारी असेल, कारण तिच्यात दोन्ही बाजू घरच्याच असतील.

शेंद्र्याच्या ऑरिकमध्ये, वाळूजच्या लाइनवर रोबोचा हात शेजारी घेऊन काम करणारा कंत्राटी पोरगा आहे. त्याचं कंत्राट ११ महिन्यांचं असतं, रोबोचं नसतं. नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ ही यंत्रमानवाची कादंबरी ऐंशीच्या दशकात लिहिली. आपल्यासारखंच यंत्र आपणच घडवू शकणारं यंत्र आलं तर त्याच्या निर्मात्याचं काय, हा तिच्यातला सवाल. आज असाइनमेंट चॅटजीपीटीकडून करून घेणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. पण वाळूजच्या त्या पोराची रात्रपाळी तिच्यात नाही, आणि ती लिहायला आता नारळीकर येणार नाहीत.

आमच्याकडे ईमेलवर दर आठवड्याला पन्नासेक कविता येतात. त्यातल्या चाळीस पावसावर असतात, प्रेमातल्या पावसावर. पुढच्या महिन्यापासून या पानावर विज्ञानकथेला जागा ठेवतोय. दीड हजार शब्द, मराठीत. मध्ये हिंदी-दखनी आली तरी चालेल. शास्त्रज्ञ नायक असायलाच पाहिजे असं नाही. विज्ञान खोटं नको, बाकी सगळं तुमचं. अडचण आली तर फिजिक्सच्या मॅडमना विचारा. त्यांना कोणी परीक्षेबाहेरचं विचारलेलं नाही बहुधा बरेच दिवसांत.

आणि ती चार पुस्तकं आमच्या टेबलावर आहेत. येऊन न्यावीत, नाव वहीत लिहावं, परत आणावीत. ‘यक्षांची देणगी’ सध्या बीडला गेलंय.